कारखान्याचा संघ आणि पेठेचा संघ

(महादेवपुरा, बंगळूर येथे रेल्वे व टपाल खात्यातील मराठी कर्मचारी आणि निवृत्तांचा कौटुंबिक मेळावा झाला. त्यात एका निवृत्त रेल्वे कामगाराने केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



संयोजकांनी मला बोलावले तेव्हा मी विषय विचारला. ते म्हणाले, "वेतन आयोग आणि पेन्शन सकाळच्या सत्रात होईल. जेवणानंतर माणसे पेंगतात. तुम्ही आपले फुटबॉलवर बोला." म्हणजे तुम्हाला जागे ठेवणे एवढेच माझ्याकडे काम आहे. पण आधीच कबूल करतो, फुटबॉलवर बोलता बोलता मी शेवटी भरतीवर आणि पेन्शनवरच येणार आहे. कामगाराच्या आठवणी कुठूनही सुरू झाल्या तरी पगाराच्या खिडकीपाशी येऊनच थांबतात.

मी मूळचा कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. १९८५ साली कृष्णराजपुरमच्या डिझेल शेडमध्ये फिटर म्हणून रुजू झालो. मिरजेला मीटरगेजच्या गाडीत बसलो तेव्हा पत्र्याच्या ट्रंकेत दोन शर्ट, आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी आणि पाटाकडील तालमीची एक जुनी जर्सी होती. तेव्हा महादेवपुरा म्हणजे गावच होते. मध्ये शेते, नारळाची झाडे, आणि थोड्या अंतरावर कारखान्यांचे भोंगे. आज इथे काचेच्या इमारती आहेत, मॉल आहे, २०२३ पासून डोक्यावरून मेट्रो धावते. मराठहळ्ळीचे नाव बसवर वाचून पहिल्या आठवड्यात मला वाटले, आपलीच माणसे असतील तिथे! जाऊन पाहिले तर भात आणि सारू. असो. माणसे मात्र आपलीच निघाली.

चहाच्या टपरीवरचे भांडण

सिंगय्यनपाळ्य मेट्रो स्टेशनच्या खाली एक चहाची टपरी आहे. तिथे आम्ही चार-पाच निवृत्त लोक रोज सकाळी जमतो. एक गौडरू आहेत, वय ऐंशीच्या पुढे, विमान कारखान्यातून निवृत्त झालेले. एक मलयाळी अण्णा आहेत. ते टेलिफोन कारखान्यात रिले जुळवणीला होते. एक तमिळ साथी आमच्याच शेडचा. आणि मी. कधीकधी आमच्या इमारतीतला साताऱ्याचा एक मुलगा येतो. तो संगणक कंपनीत आहे, रात्रपाळी करून घरी जाताना चहाला थांबतो. आमच्यासारखाच पाळीचा माणूस, फक्त त्याच्या गळ्यात पट्टा आणि आमच्या हाताला ग्रीस.

एके दिवशी त्या मुलाने सहज विचारले, "काका, बंगळूरच्या फुटबॉलचा सगळ्यात चांगला काळ कोणता?" झाले! त्या दिवशी चहाचे तीन कप झाले आणि भांडण मिटले नाही.

गौडरू म्हणाले, "१९६८. दुसरे काही बोलू नका." त्या वेळचा म्हैसूर राज्याचा संघ. १९६७-६८ आणि १९६८-६९ अशी लागोपाठ दोन वर्षे त्या संघाने बंगालला अंतिम सामन्यात हरवून संतोष ट्रॉफी जिंकली. त्यातला दुसरा विजय इथेच, बंगळूरमध्ये. गौडरू तेव्हा विशी-बाविशीत होते, नुकतेच कामाला लागलेले. ते सांगतात, "सामना संपल्यावर आम्ही घरी चालत गेलो. बसचे पैसे होते, पण बसमध्ये बसून ओरडता येत नाही." त्यांच्या वडिलांच्या तोंडी आणखी जुनी नावे असत. १९३७ साली मुंबईला रोव्हर्स कप जिंकून आलेला बंगलोर मुस्लिम्सचा संघ, तो कप जिंकणारा पहिला भारतीय संघ. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये फ्रान्सविरुद्ध भारताचा एकमेव गोल करणारे एस. रामन, तेही बंगळूरचेच. आणि अनवाणी खेळून चेंडू पायाला चिकटवून ठेवणारे अहमद खान. कलकत्त्याच्या लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले, पण माती इथली.

अण्णा म्हणाले, "राज्याचा संघ वर्षातून एकदा जमतो. आमचा संघ रोज कँटीनमध्ये दिसायचा." त्यांचा काळ म्हणजे आयटीआयच्या संघाचा, सत्तरीच्या अखेरीपासून नव्वदीपर्यंतचा.

आमच्या शेडचा साथी म्हणाला, "खरी परीक्षा राष्ट्रीय लीगची." १९९६ च्या अखेरीस राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली. तिच्या सुरुवातीच्या वर्षांत आयटीआय आणि एचएएल हे आपल्या या पट्ट्यातले दोन्ही कारखाने देशाच्या वरच्या गटात खेळले. समोर मोहन बागान, ईस्ट बंगाल, गोव्याचे साळगावकर आणि चर्चिल ब्रदर्स. पुढे २०१०-११ आणि २०११-१२ या दोन हंगामांत एचएएल आय-लीगमध्ये होता. समोरच्या संघांत लाखोंच्या कराराचे परदेशी खेळाडू, आणि आपल्याकडे कारखान्याच्या हजेरीपटावरची पोरे.

साताऱ्याचा मुलगा गालात हसत होता. तो म्हणाला, "काका, माझा काळ २०१३ ते २०१९." बेंगळुरू एफसी २०१३ साली निघाला आणि पहिल्याच हंगामात आय-लीगचा विजेता झाला. सुनील छेत्रीचा संघ. २०१६ साली एएफसी कपच्या अंतिम सामन्यात पोचलेला पहिला भारतीय क्लब. २०१८-१९ ला आयएसएलचा विजेता. हा मुलगा दर सामन्याला निळा शर्ट घालून कंठीरव स्टेडियममध्ये उभा राहून नव्वद मिनिटे गातो. कन्नड येत नाही, पण गाणी कन्नडमध्ये पाठ आहेत.

आणि मी? मी म्हणालो, "तुम्ही सगळे चुकताय. चांगला काळ म्हणजे शाहू स्टेडियम, आणि समोर शिवाजी पेठ!"

पाचांचे पाच काळ. गणित करून पाहा, साथींनो. ज्याचा-त्याचा सुवर्णकाळ म्हणजे तो-तो वीस ते तीस वर्षांचा होता तो काळ. गुडघे दुखत नव्हते, नोकरी नवी होती, पहिला पगार आईच्या हातात दिला होता. माणूस संघाची आठवण काढतो तेव्हा निम्मी आठवण स्वतःच्या तरुणपणाची असते. एवढेच असते तर मी तुमची दुपार वाया घालवली नसती. पण उरलेल्या निम्म्यात काय आहे ते पाहण्यासारखे आहे.

भोंगा झाला की मैदान

अण्णांचा संघ घ्या. इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज १९४८ साली सुरू झाली, स्वतंत्र भारतातला पहिला सार्वजनिक उद्योग. वसाहतीचे नावच पडले दूरवाणीनगर. टपाल खात्यातल्या साथींना वेगळे सांगायला नको. तुमच्या तार ऑफिसात, पोस्टमास्तरांच्या टेबलावर जो जड काळा टेलिफोन असायचा, तो इथल्या हातांनी जुळवलेला. हजारो कामगार, त्यांच्यासाठी घरे, शाळा, दवाखाना, बसगाड्या आणि मैदान.

अण्णा सांगतात, "आमचा सेंटर फॉरवर्ड माझ्यापासून तिसऱ्या बाकावर बसायचा. रविवारी त्याने गोल चुकवला तर सोमवारी त्याला तोंड दाखवावे लागायचे. कँटीनमध्ये ताट घेऊन रांगेत उभा राहिला की मागून कुणीतरी म्हणणारच, 'रिकाम्या गोलात मारता आला नाही, सांबार तरी नीट वाढून घे!'" ही गंमत आजच्या मोठ्या क्लबच्या चाहत्याला मिळत नाही. त्याचा खेळाडू पडद्यावर असतो, जाहिरातीत असतो. आमचा खेळाडू शेजारच्या बाकावर होता.

तक्रारीही होत्या. सामन्यांच्या दिवसांत खेळाडूला लवकर सोडायचे, आणि त्याचे राहिलेले काम सेक्शनच्या गळ्यात. आमच्या शेडमध्येही हेच. मी स्वतः कुरकुर केली आहे की हा पळतो चेंडूमागे आणि इंजिनाखाली लोळतो मी. पण संध्याकाळी मैदानावर त्याने गोल केला की त्या गोलात आपलीही एक तासाची मेहनत आहे असे वाटायचे. कारण ती खरोखरच असायची.

अण्णांची सर्वांत आवडती आठवण मात्र कुठल्याच विजयाची नाही. १९८० च्या २६ डिसेंबरला बंगळूरच्या सार्वजनिक उद्योगांचा संप सुरू झाला. आयटीआय, एचएएल, बीईएल, एचएमटी, बीईएमएल असे सगळे मिळून सत्त्याहत्तर दिवस बाहेर. पगार नाही, किराणा उधारीवर. अण्णा म्हणतात, "त्या दिवसांत सकाळी गेटवर सभा आणि दुपारी मोकळ्या मैदानात चेंडू. संघातले खेळाडूही संपात आणि आम्हीही. मी आयुष्यात त्यांच्याबरोबर एकदाच खेळलो, ते संपात. चेंडू फाटका होता. मला त्यांनी एक गोल करू दिला, हे मला कळले होते. पण मी कुणाला सांगितले नाही." चाळीस वर्षांनी हे सांगताना त्यांचा आवाज बदलतो.

वहिनींचा प्रश्न

एकदा अण्णांच्या घरी हीच गोष्ट रंगली होती. त्यांच्या पत्नीही त्याच कारखान्यात जुळवणीच्या लाइनवर होत्या. तिथे बायकांची संख्या मोठी होती. वहिनी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तुमचा सुवर्णकाळ चालू होता तेव्हा मी कुठे होते माहीत आहे? पाळी सुटली की बस पकडून घरी, पाण्याच्या नळावर. तुम्ही सामना पाहून आठला यायचे आणि विचारायचे, जेवायला काय. मैदान मी एकदाच पाहिले, शाळेच्या स्नेहसंमेलनाला."

(भगिनींच्या बाजूने टाळ्या.)

टाळ्या बरोबर आहेत. आमच्या आठवणीतले मैदान भरलेले दिसते, पण त्यात निम्मी माणसे नव्हती. बायका नव्हत्या. झाडू मारणारे, माल चढवणारे कंत्राटी कामगार नव्हते. त्यांना ना खेळाची रजा होती ना संघात जागा. म्हणून "जुना काळ सोन्याचा" असे मी म्हणणार नाही. सोने होते, पण सर्वांच्या वाट्याला नव्हते. जे होते ते टिकवायचे आणि ज्यांना मिळाले नाही त्यांना मिळवून द्यायचे, एवढाच जुन्या आठवणीचा संघटनेला उपयोग.

पेठ जिवंत, कारखाना शांत

आता माझ्या गावाकडे येतो. कोल्हापूरचा फुटबॉल तालमींतून वाढला. नावेच पाहा. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ. कुस्तीच्या लाल मातीशेजारी फुटबॉलचे बूट वाळत घातलेले असत. संघामागे कंपनी नाही, पेठ. वर्गणी, दुकानदारांची देणगी, आणि सामन्याच्या दिवशी अख्खी पेठ शाहू स्टेडियमवर. मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ समोरासमोर आल्या की सासर-माहेरची बोलणी बंद. हलगी घुमायला लागली की म्हातारेही कट्ट्यावरून उठायचे. पोरगे दोघांना चकवून पुढे गेले की मागून आवाज, "आरं, काय खेळतंय पोरगं!"

माझ्या टपरीवरच्या भांडणात अण्णांनी मला एक प्रश्न विचारला होता. "तुमच्या तालमीचा संघ अजून आहे?" मी म्हणालो, "आहे की! पोरे बदलली, जर्सी तीच." ते गप्प झाले. मग म्हणाले, "आमचा नाही."

साथींनो, हा फरक मला पुष्कळ दिवस टोचत राहिला. आयटीआयचा संघ तालमीपेक्षा मोठा होता, राष्ट्रीय लीगमध्ये खेळलेला. तो का गेला आणि पेठेचा का राहिला?

उत्तर साधे आहे. पेठ माणसे जन्माला घालते, ती भरती बंद करू शकत नाही. कारखाना भरती बंद करू शकतो. १९९१ नंतर बाजार खुला झाला. सरकारी टेलिफोन कारखान्याला मिळणारी कामे आटली, स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आल्या, नवी पोरे कायम नोकरीत येईनाशी झाली. संघ म्हणजे शेवटी अकरा तरुण माणसे. ज्या हजेरीपटावर पंचविशीचे कुणी नाही तिथे फॉरवर्ड कुठून आणणार? संघ बरखास्त करायला ठराव लागत नाही. भरती थांबवली की तो आपोआप म्हातारा होतो.

दुसरा दरवाजा नियमांनी बंद केला. व्यावसायिक लीगसाठी क्लब-परवान्याच्या अटी आल्या. क्लब ही स्वतंत्र संस्था हवी, खेळाडू व्यावसायिक कराराचे हवेत. कार्यालयाचा संघ या चौकटीत बसेना. २०१३ साली एअर इंडिया आणि ओएनजीसी हे मुंबईचे दोन संघ याच अटींवरून आय-लीगच्या बाहेर गेले. तोवर आणखीही गेले होते. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा मुंबईचा महिंद्र युनायटेड २०१० साली बंद झाला. पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा फगवाड्याच्या कापड गिरणीचा जेसीटी २०११ साली. एचएएल २०१२ साली खालच्या गटात उतरला. चार वर्षांत एक सबंध परंपरा आवरून ठेवली गेली. एकाही ठिकाणी संप झाला नाही.

दोन गुडघे

इथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल, मग पेठेचा संघच बरा. मीही तसे म्हणालो असतो. पण मला दोन गुडघे आठवतात.

पहिला गुडघा आमच्या शेडमधल्या खेळाडूचा. खेळाडू कोट्यातून आला होता, विंगला खेळायचा, वाऱ्यासारखा. एका सामन्यात गुडघा फिरला. ऑपरेशन रेल्वेच्या रुग्णालयात झाले. सहा महिने घरी होता, पगार चालू. नंतर खेळता येईना. त्याने बूट काढले आणि पाना घेतला. सुरुवातीला त्याला काम येत नव्हते, आम्हीच शिकवले. पंचवीस वर्षे त्याने इंजिने दुरुस्त केली, मुलीचे लग्न केले, आणि आज पेन्शन घेतो. संध्याकाळी काठी टेकत मैदानावर येऊन पोरांना शिव्या घालतो.

दुसरा गुडघा माझ्या लहानपणीच्या मित्राचा. कोल्हापुरातल्या एका पेठेचा हुकमी खेळाडू. त्याचे नाव घेऊन हलगी वाजायची. त्याचाही गुडघा गेला. पेठेने पाठ फिरवली असे मी म्हणणार नाही. वर्गणी काढली, दवाखान्याचा खर्च उचलला, घरी रोज माणसे. पण वर्गणी दरमहा निघत नाही, साथींनो. दुसऱ्या वर्षी त्याच्या जागी दुसरे पोरगे आले, हलगी त्याच्या नावाने वाजू लागली. मित्र आज दुसऱ्याच्या दुकानात बसतो. गावी गेलो की मी त्याला भेटतो. तो अजून प्रत्येक सामना पाहतो. मला म्हणाला, "तुझ्या शेडमधल्या गड्याचा गुडघा सरकारी होता रे. माझा खाजगी."

तो हसत म्हणाला. मी हसू शकलो नाही.

म्हणून मला आज सांगायचे ते एवढेच. पेठेने संघाला आयुष्य दिले, कारखान्याने खेळाडूला आयुष्य दिले. पेठेचा संघ टिकला पण त्याचा खेळाडू उघड्यावर राहिला. कारखान्याचा खेळाडू तरला पण त्याचा संघ गेला. आणि आजचा नवा क्लब? त्यामागे मोठी पोलाद कंपनी आहे, पण संघातला एकही खेळाडू त्या कंपनीच्या भट्टीपाशी उभा राहत नाही. तो कराराचा माणूस. २०२५ च्या ऑगस्टमध्ये लीग पुढे होणार की नाही याचाच पत्ता नव्हता, तेव्हा बेंगळुरू एफसीने पहिल्या संघाचे खेळाडू आणि कर्मचारी यांचे पगार स्थगित केल्याचे जाहीर केले. साताऱ्याच्या मुलाने त्या दिवशी टपरीवर मोबाईल पुढे केला आणि विचारले, "काका, असे करता येते?" मी म्हणालो, "बाळा, तुझ्या कंपनीतही करता येते. तुझ्याकडे युनियन आहे का?" तो काही बोलला नाही. त्याने चहाचे पैसे दिले आणि गेला. पण पुढच्या आठवड्यात येऊन म्हणाला की खेळाडूंची एक संघटना आहे, त्याने शोधून काढले. माणूस कुठून का होईना, बरोबर रस्त्याला लागतो.

आपल्या हातात काय आहे

आता रेल्वे आणि टपालवाल्यांनो, तुमच्याकडे वळतो. देशात खेळाडूला कायम नोकरी देणारी जी थोडी खाती उरली आहेत त्यांत आपण आहोत. रेल्वेत १९२८ पासून क्रीडा मंडळ आहे. रेल्वेच्या संघाने १९६१-६२, १९६४-६५ आणि १९६६-६७ अशी तीनदा संतोष ट्रॉफी जिंकली. १९५८ साली ईस्टर्न रेल्वेने मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मेडन स्पोर्टिंग या तिघांना मागे टाकून कलकत्ता लीग जिंकली. त्या संघात पी. के. बॅनर्जी होते. मोठे क्लब दारात असताना हा माणूस शेवटपर्यंत रेल्वेचाच राहिला. १९६० च्या रोम ऑलिम्पिकला भारताचा कर्णधार, फ्रान्सविरुद्ध बरोबरीत सुटलेल्या सामन्यात भारताचा गोल त्यांचा. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून सुवर्णपदक मिळाले, त्यातला एक गोल त्यांचा. तो रेल्वेचा कर्मचारी होता हे आपल्या पोरांना माहीत आहे का? टपाल खात्यातही खेळाडूंची भरती आहे. आज पत्रे वाटणारा एखादा पोस्टमन संध्याकाळी राज्यासाठी खेळलेला असू शकतो.

हे सगळे आपोआप टिकणार नाही. दूरवाणीनगरचे मैदान तरी कुठे आपोआप टिकले? त्यासाठी माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली, खेळाडू कोट्यातली प्रत्येक जागा दर वर्षी भरली जाते का, हा प्रश्न शाखेने लेखी विचारावा. प्रशासनाबरोबरच्या वाटाघाटींच्या बैठकीत बदल्या आणि क्वार्टर यांच्याबरोबर हा मुद्दाही विषयपत्रिकेवर यावा. "खेळाचे काय एवढे" असे म्हणू नका. रिकामी राहिलेली जागा ही रिकामी जागाच असते, मग ती गँगमनची असो की गोलकीपरची.

दुसरी, वसाहतींतली मैदाने आणि इन्स्टिट्यूट सांभाळा. मैदान वापरात नसले की त्यावर कुणाची तरी नजर पडते. रोज संध्याकाळी तिथे वीस पोरे दिसली पाहिजेत. त्या वीस पोरांत मुलीही दिसल्या पाहिजेत, आणि कंत्राटी सफाई कामगाराचा मुलगाही. वहिनींनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपण भाषणात देऊन चालणार नाही.

तिसरी, आठवणी लिहून ठेवा. कोण कुठल्या सेक्शनला होता, कोणत्या सामन्यात काय झाले, गुडघा कुणाचा गेला आणि नंतर त्याला कुणी सांभाळले. कपाटातले फोटो काढा, मागे नावे लिहा. कारखाना बंद पडला तरी चालेल असे म्हणणाऱ्याला त्या मैदानावर काय उभे होते ते माहीत नसते. ते आपल्याला माहीत आहे.

शेवटी पुन्हा टपरीवर येतो. २०२३ च्या ४ मार्चला कर्नाटकने संतोष ट्रॉफी जिंकली. अंतिम सामना सौदी अरेबियात, रियाधला झाला आणि मेघालयाचा ३-२ असा पराभव झाला. चोपन्न वर्षांनी! दुसऱ्या दिवशी सकाळी गौडरू इस्त्रीचा शर्ट घालून आले. सगळ्यांचा चहा त्यांनी सांगितला. साताऱ्याच्या मुलाने मोबाईलवर त्यांना गोल दाखवले. ते चष्मा लावून प्रत्येक गोल दोनदा पाहत होते. मग त्यांनी विचारले, "ही पोरे कुठे नोकरीला आहेत?"

चोपन्न वर्षे वाट पाहिलेल्या माणसाचा पहिला प्रश्न हा होता, साथींनो. कोण किती छान खेळला, हे त्यांनी नंतर विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आपली संघटना आहे.

एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. चहा तयार आहे असे खूण करून सांगत आहेत. रेल्वे विरुद्ध टपाल असा पाच-पाच जणांचा सामना मागच्या मैदानावर ठेवला आहे. मी गोलमध्ये उभा राहणार आहे. माझा गुडघा सरकारी आहे, काळजी करू नका.

कामगार एकजुटीचा विजय असो!